आतून लावलेली कडी

एका हातात अक्षतांचं ताट होतं माह्या. शेठनं दुसऱ्या हातात ब्रश देला अन् ॲसिडची बाटली पायापाशी ठेवली.

"आलीच आहेस तर बाथरूम घासून घे. पाहुणे नावं ठेवून राह्यले."

भर मांडवात. मी आज कामावर नव्हती. माह्या बहिणीच्या पोरीचं लग्न होतं. मी सख्खी मावशी. अंगावर नवी साडी, डोक्यात गजरा. खामगावातलं हे मंगल कार्यालय, इथले संडास-बाथरूम रोज मीच धुते, हे खरं. ऐन लग्नसराईत तारीख भेटत नव्हती, तवा मीच शेठच्या हातापाया पडून बहिणीले तारीख मिळवून देली. त्याची ही वसुली चालली होती.

नावं ठेवली होती नवरदेवाच्या मायनं. धामणगाव बढे गावची मंडळी. नाकाले पदर लावून बाथरूमातून आली अन् म्हणे, इथं कोणी धुते का नाही. माह्याच समोर बोलली. तिले कुठं ठाऊक होतं.

धुते. मी धुते. पांढऱ्या टाइल्सची फरशी हाये ती, कार्यालय बांधलं तवाची. ॲसिड वतून वतून तिची वरची चकाकी गेली. आता मळ आतच जाऊन बसते. धुतली की घटकाभर बरी दिसते, वाळली की पुन्हा पिवळी. माह्या बोटाचं कातडं निंघालं, तो पिवळा रंग निंघाला नाही. शेठले एकदा म्हटलं, फरशी बदला. तो हसला. "फरशी नाही बदलत मी, बाई बदलतो." माह्याआधीच्या बाया अशाच गेल्या.

मी बहिणीकडं पाह्यलं. वाटलं, ती म्हणीन, आज ही आमची पाहुणी हाये. ती माह्या कानापाशी आली.

"जाय नं बाई. पाच मिनिटाचं काम. पोरीच्या लग्नात तमाशा नको करू."

अन् माह्या हातचं ताट तिनंच काढून घेतलं. शेठचं लागलं नाही एवढं हे लागलं. आग लागो असल्या अब्रूले.

गेली मी. पदर खोचला. बाटलीचं बूच काढलं. तो वास नाकात गेला, डोळ्यात पाणी आलं, अन् एकदम मागची बोरीची झुडपं आठवली.

कार्यालयाच्या मागं झुडपं हायेत. मी तिथं जाते. शेठचा कायदाच हाये, धुणाऱ्या बाईनं आतल्या संडासात बसायचं नाही. वास राहते म्हणे. पावसापाण्यात, काट्यात, पाळीच्या दिवसात, कोणी पाहून तर नाही राह्यलं म्हणून मान वळवत वळवत. लोकायसाठी घासायचं मी अन् उघड्यावर बसायचं बी मीच. अन् मी मुकाट्यानं जात होती, जसं काही देवानंच सांगून ठेवलं. काऊन? काऊन गेली मी?

बूच परत लावलं. ब्रश फरशीवर टाकला. संडासात गेली, आतून कडी लावली अन् बसली.

बाहेर मंगलाष्टकं सुरू झाली. थोड्या वेळानं शेठनं दार ठोकलं. आत काय करून राह्यली, विचारे.

"बसली आहो," मी म्हटलं. "थांबा."

त्यानं पुन्हा दार ठोकलं. मंग म्हणे, तुले कायदा माहीत नाही का.

"माहीत हाये. आज मी नवरीची मावशी आहो. अन् उद्या कामावर येईन तवाबी इथंच बसीन."

मी बाहेर आली तवा बाया जमल्या होत्या. नवरदेवाच्या मायले समजलं होतं, मावशी काय काम करते ते. बहिणीचं तोंड उतरलं होतं. अक्षता पडून गेल्या होत्या. ज्या पोरीले मी मांडीवर खेळवलं, तिच्या डोक्यावर माह्या हातची अक्षता नाही पडली. हे मी शेठले माफ करणार नाही. बहिणीले बी नाही.

संध्याकाळी शेठचा निरोप आला, माफी मागायची असंल तरच कामावर ये. बहीण म्हणे, मागून टाक, तोंडानं दोन शब्द बोलाले काय जाते. तिचं काही जात नाही. झुडपात ती नाही बसत.

माफी मागणार नाही. उद्या जाईन. आधी संडासात जाईन, कडी लावीन, मंग ब्रश धरीन. दार ठोकायचं तेवढं ठोकू दे त्याले. अन् काढलंच मले, आणली नवी बाई, तर मी फाटकापाशी उभी राहीन. तिले तिथंच सांगीन, बाई, आधी आत बसजो, मंग धुजो.