मुळ्याचा वाफा आणि एल्रॉयची गाडी

बेनेडिक्टला चर्चमध्ये नेता नेता त्याच्या बायकोने, पेट्रिशियाने, चाळीस वर्षांत हात टेकले होते. लग्न, मयत आणि नाताळ सोडला तर देवाला आपण उगाच त्रास देत नाही, असं तो छाती पुढे काढून सांगायचा. त्याची सगळी भक्ती मरोळ गावठाणातल्या घरामागच्या मातीच्या तुकड्यावर. बापाच्या भातशेतीतलं तेवढंच उरलं होतं. बाकीच्यावर सात मजले चढले होते.

ऑक्टोबर तापला की पावसाळ्यातले पडवळाचे वेल उपटायचे, माती उलथून उन्हात टाकायची, गोरेगावच्या तबेल्यातलं शेणखत कालवायचं आणि मुळा पेरायचा, हा त्याचा नेम. यंदा वेल उपटून होताहेत तोच मुलगा, एल्रॉय, मागे येऊन उभा राहिला.

"झकास, पप्पा! जागा साफ झाली. सोमवारी गवंडी येतोय. कोबा करून नवी गाडी इथेच लावू."

"आणि माझा मुळा?"

"बाजारात मिळतो ना यार!"

बेनेडिक्टला रडू यायचंच बाकी राहिलं. घरात चालायचं पेट्रिशियाचं, आणि तिचा जीव लेकाच्या गाडीत अडकलेला.

रविवारी फादर गाडीला आशीर्वाद द्यायला आले. पवित्र पाणी शिंपडताना त्यांनी वायपरसुद्धा सोडले नाहीत. ते वळले तसा बेनेडिक्टने त्यांचा हात धरला आणि थेट घरामागे नेलं.

"फादर, जरा माझ्या शेतालापण."

"पण पेरलंय कुठे?"

बेनेडिक्टने खिशातून मुळ्याचं बी काढलं आणि खत न घातलेल्या मातीवर उधळलं. असली गचाळ पेरणी त्याने जन्मात केली नव्हती. फादरनी हसू दाबत प्रार्थना म्हटली, पाणी शिंपडलं.

एल्रॉयसोबत मागोमाग आलेल्या पेट्रिशियाने क्रूसाची खूण केली. "एल्रॉय, गवंड्याला नको म्हणून सांग."

"मम्मी, अगं हा पप्पाचा डाव आहे!"

"माहितीये. पण पाणी तर खरं आहे ना?"

बेनेडिक्टला नाचावंसं वाटलं. तेवढ्यात फादर म्हणाले, "शेत देवाचं झालं, बेनेडिक्ट. आता शेतकरी दर रविवारी दिसला पाहिजे."

"कधीपर्यंत?" त्याने घाबरून विचारलं.

"मुळा निघेपर्यंत."

"आणि मुळा निघाला की लगेच मेथी पेर," पेट्रिशिया म्हणाली. "जागा रिकामी दिसली की गवंडी आलाच."

पुढच्या रविवारी बेनेडिक्ट पहिल्या बाकावर होता. नखांत शेणखत, खिशात मेथीचं बी.