जप्त मध आणि डाव्या हाताची पाच बोटे

विषय: भोकरदन तहसील कचेरीतील जप्त मध, बरणी एक, आणि त्यासंबंधी कारकुनाची, म्हणजे माझी, डाव्या हाताची बोटे.

आता हे तुम्हाला सांगावं की नाही, याचा मी पेन्शनीत आल्यापासून विचार करतोय. चहा आलाच आहे, तर ऐका.

निजामी राज्यातली गोष्ट. धावड्याच्या गणपाने सरकारी जंगलातलं पोळं विनापरवाना काढलं, म्हणून त्याची मधाची बरणी जप्त झाली. तोंडाला फडकं बांधून गाठीवर लाखेची मोहर करायचं काम माझं. डाव्या हाताने गाठ धरली, उजव्याने तापलेली लाख सोडली. ती अंगठ्यावर पडली.

समोर उभा गणपा म्हणाला, "मुन्शीजी, मधात बुडवा. चिघळत न्हाई, पू धरत न्हाई. बैलाच्या खांद्याला जखम झाल्ती, म्हणून तर काढला."

"सरकारी पुराव्यात बोट घालू?"

"मंग राहू द्या. सडलं तर सरकार दुसरं देईल."

मी बोट घातलं. अंगठा खरंच चिघळला नाही. पण रोज मध लावायचा तर मोहर फोडायची, आणि फोडली की पुन्हा करायची. अंगठा बरा होईतो तर्जनी भाजली. तर्जनीच्या उपचारात मधलं बोट. सुनावणीपर्यंत पाची बोटं भाजून बरी झाली आणि बरणी अर्धी.

तहसीलदारांनी बरणी उजेडात धरली. "मुन्शी, पंचनाम्यात काठोकाठ लिहिलंय. बाकीचा कुठंय?"

नोकरी गेलीच, असं मी धरून चाललो. "हुजूर, उन्हाळा आहे. आटला असेल."

"मध आटत न्हाई, हुजूर," गणपा म्हणाला. त्याच्या मधावर शंका त्याला सोसेना. "मुन्शीजीचा डावा हात बघा. बिलकुल खरा माल हाय."

हुजुरांनी एकेक बोट तपासलं. "किती दिवसांत?"

"एकेक बोट आठ, हुजूर. पू नाही."

त्यांनी जोडा काढला. टाचेवर जुनी जखम होती.

गणपाला ताकीद देऊन सोडलं. माझी नोकरी राहिली. हुकूम झाला: मुद्देमाल अधिक तपासणीसाठी हुजुरांच्या बंगल्यावर ठेवावा, दर सोमवारी कचेरीत आणून मुन्शीने नवी मोहर करून परत पाठवावा.

म्हणजे मध बंगल्यावर आणि लाख माझ्याकडे.

मोहरेचं काम दुसऱ्या कारकुनाकडे द्यावं, असा अर्ज मी डाव्या हाताला चिंध्या गुंडाळून उजव्याने लिहिला. पुढे हुजुरांची टाच भरली, राज्य गेलं, मी निवृत्त झालो.

सदर अर्ज प्रलंबित आहे.