घर बघायला गेले आणि मॅडम झाले

हसणार नाही असं आधी कबूल करा, मगच सांगते. कारण हे ऐकून माझी सख्खी बहीण चहाचा कप घेऊन बाहेर गेली, ती दहा मिनिटं आत आली नाही. हसत होती मेली!

आम्ही तलवाड्याचे. आमच्या ह्यांचा पिकअप टेम्पो, माझं शिलाईकाम. ह्यांना पाटोद्याच्या बाजाराची भाडी रोज मिळायला लागली, तेव्हा ठरलं की तिकडंच एखादं जुनं घर घ्यायचं आणि मोडतोड करून नीट करायचं. मागं राहायचं, पुढं माझं दुकान.

ह्यांनी एक घर हेरलं. मालक दिगंबरअण्णा. बोलणं सगळं ह्यांच्याशीच, मला अण्णांनी बघितलेलंसुद्धा नव्हतं. किल्ली देऊन ह्यांना म्हणाले, "निवांत बघा. मी दुपारून येतो. पटलं तर आजच इसार करून टाकू."

घर काय हो! दगडी चौथरा, सागवानी दार आणि पुढं रस्त्याला लागून दोन ऐसपैस खोल्या. दुकानाला अगदी अशाच पाहिजे होत्या! हे मागच्या बाजूनं शिडी लावून माळवदावर चढले, कुठं गळतं का बघायला. मी बाहेर रस्त्यावर. गळ्यात टेप, हातात मापाची वही आणि कापडावर खुणा करायचा लाल खडू. शटर कुठून कुठपर्यंत बसेल त्याच्या भिंतीवर दोन मोठ्या फुल्या मारल्या.

मग डोक्यात आलं, ह्या बोळात टेम्पो वळणार कसा? आणि माझ्या डोक्यात आलेलं कधी नुसतं डोक्यात राहिलंय का? टेप उलटीपालटी टाकत समोरच्या ओट्यापर्यंत गेले. चाक घासेल तिथं फुली. शेजारच्या पायरीवर फुली. किराणा दुकानाचा कट्टा फारच पुढं आलेला, म्हणून तिथं दोन!

वहीत लिहायचं तर नाव नको का? समोरच्या दारात एक मावशी उभी होती, तिला विचारलं, "हा ओटा कुणाचा?"

मावशी चाचरली. "माझाच... म्हंजी सासऱ्याच्या काळापासूनचा हाय. बसा की मॅडम, उन्हाचं उभ्यानं का म्हून?"

मॅडम! तलवाड्यात मला लहानथोर 'टेलरबाई' म्हणतात. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

खुर्ची आली. पाठोपाठ चहा. मग शेंगदाणे घातलेले पोहे. किराणावाले भागवतभाऊ थंड बाटली घेऊन पळत आले. मी मनात म्हटलं, बाई गं, नवीन शेजारणीचा एवढा मान! असली माणसं शोधून सापडायची नाहीत. दोन बशा पोहे खाल्ले, खोटं कशाला सांगू?

मावशी जवळ सरकली. हळूच म्हणाली, "मॅडम, आमचं जरा तुमी बघताल का?"

आता माझ्या गळ्यात टेप. बाईमाणूस जवळ येऊन 'आमचं बघा' म्हणतंय. मला काय वाटणार? ब्लाउज!

"बघते की! इथं आले की पहिलं तुमचंच घेते."

मावशीचा चेहरा उतरला. "पयलं आमचंच?"

"मग! तुम्ही चहा पाजलाय."

"लई कापावं लागंल का वो?"

"ते मापावर हाय. मार्जिन सोडलेलं असलं तर थोडक्यात भागतं."

"मार्जिन न्हाई सोडलेलं," मावशी रडकुंडीला आली. "त्या टायमाला कुणाला कळत हुतं?"

"मग पुढूनच कापावं लागेल. पण घाबरू नका, हाताला सवय हाय माझ्या. तासाभरात मोकळं करून देते."

"तासाभरात!" भागवतभाऊंनी कपाळाला हात लावला. "आणि मॅडम, माझं?"

मी त्यांच्याकडं वरून खालपर्यंत बघितलं. "मी जेन्ट्सचं घेत नाही."

भागवतभाऊंनी दोन्ही हात जोडले. "लई उपकार झाले!" आणि गल्लीकडं वळून ओरडले, "ऐका बे! गड्यांच्या नावावरलं न्हाई घेत म्हणत्यात!"

झालं! अर्धी गल्ली भोवती जमली. जी ती बाई मला सांगायला लागली, "आमचं घर आमच्या धन्याच्या नावावर हाय बरं का मॅडम!" मी आपली प्रत्येकीला, "छान, छान!" मला वाटलं, इकडं ओळख अशीच करून देत असतील.

तेवढ्यात मोटारसायकल थांबली. घामाघूम झालेले एक गृहस्थ उतरले आणि थेट माझ्यापुढं उभे राहिले. भिंतीवर फुल्या पडल्यात म्हणून त्यांना कुणीतरी फोन केला होता.

"मॅडम, मी दिगंबर. ह्या पुढच्या दोन्ही खोल्या रस्त्याच्या जागंत हायत, मला मान्य हाय! नोटीस बी आलीया. पण मी घर विकायलोय. तलवाड्याचं एक गिऱ्हाईक गावलंय, लई भोळं हाय. आज इसार होतोय. तुमी फकस्त आठ दिस थांबा, मग काय पाडायचं ते त्याचं पाडा!"

तलवाड्याचं भोळं गिऱ्हाईक म्हणजे आम्हीच की!

वरून आवाज आला, "भोळं कोण म्हणालात, अण्णा?"

माळवदाच्या कडेला आमचे हे उभे. अंगभर पांढरी माती.

अण्णांनी वर बघितलं, मग माझ्याकडं. "तुमी... मग ह्या मॅडम..."

"मॅडम कुठली? माझी बायको हाय ती!"

मग एकेक उलगडत गेलं. रस्ता रुंद होणार म्हणून ही गल्ली आठ दिवस मोजणीवाल्यांची वाट बघत होती. आणि मी टेप, वही, लाल खडू घेऊन उगवले होते!

"मावशी, मी टेलर हाय वो," मी कशीबशी म्हणाले. "ब्लाउज शिवते."

मावशीनं छातीवर हात ठेवून हा एवढा मोठा श्वास सोडला. मग एकदम कमरेवर हात. "मग आमचे पोहे का म्हून खाल्ले?"

मी म्हटलं, आधी एक फडकं ओलं करून द्या.

अण्णा केव्हाच किक मारून पसार झाले होते. किल्ली भागवतभाऊंकडं ठेवली, सगळ्यांच्या ओट्यांवरच्या फुल्या ओल्या फडक्यानं पुसल्या आणि निघालो. टेम्पोत बसल्यावर मी इसाराच्या पैशांची पिशवी मांडीवर घेतली. एक रुपयासुद्धा गेला नव्हता. थोडक्यात वाचलो होतो! घाटात ह्यांनी टेम्पो कडेला घेतला आणि स्टिअरिंगवर डोकं ठेवून पोट धरून हसले.

"इथून पुढं घर बघायला तूच पुढं हो," म्हणाले. "मी मागून येतो."

मी तेच केलं. पुढच्या घराला नुसती वही उघडली, तर मालकानं न विचारता सांगून टाकलं की विहीर भावाच्या वाटणीत आहे. मला तर मॅडमगिरी चढलीच! तिसरं घर शेषेराव नावाच्या म्हाताऱ्या गृहस्थांचं. मी गेल्या गेल्या झोकात भिंतीवर फुली मारली. शेषेरावांनी शांतपणे रुमाल काढला, माझी फुली पुसली, खडू घेतला आणि हातभर अलीकडं मारली.

"हद्द इथून हाय, ताई. मी जन्मभर मोजणीच्याच खात्यात हुतो."

मागं हे पिकअपच्या आडोशाला जाऊन हसत होते, ते मला ऐकू येत होतं.

पण कागद एकूण एक चोख निघाले, आणि घर तेच घेतलं. दुरुस्ती निघाली तेव्हा शेषेरावकाका रोज येऊन उभे. गल्लीभर मारलेल्या फुल्यांचा किस्सा ह्यांनी त्यांना कधीच सांगून टाकला होता. शटरचं माप त्यांनी घेतलं, ओळंबा त्यांनी धरला, गवंड्याला सूचना त्यांच्याच. शेवटी मी विचारलं, "काका, मला बी काही काम सांगा की."

त्यांनी पाण्याची नळी माझ्या हातात दिली. "गिलाव्यावर पाणी मारा."

काका चार पावलं गेले आणि परत फिरले.

"आपल्याच भिंतीवर मारा, ताई."