जिथून उडाला ती जागा

हिवाळ्यातल्या सकाळी धरणाच्या साचल्या पाण्याला ओल्या गवताचा आणि माशांचा एक मिश्र गंध येतो. नारायण पेठेतल्या माझ्या भाड्याच्या खोलीत, खुंटीवरच्या स्वेटरला तो अजून आहे. धरणावर गेलो तो स्पर्धेसाठी छायाचित्र पाठवायचा शेवटचा दिवस होता. स्वारगेटहून पहाटेच्या एसटीने आम्ही निघालो होतो, मी आणि आदित्यदादा, कॉलेजातला माझा सीनियर. ड्रोन त्याचा, उडवणार मी. आमच्या घरातून कॉलेजात पाऊल टाकणारी मी पहिलीच. म्हणून की काय, दुसऱ्याची वस्तू हाती आली की मी ती दोन्ही हातांनी धरते.

धरणावर पोचून आम्ही एक होडी केली. तिच्या फळीवरून ड्रोन वर गेला आणि हातातल्या रिमोटच्या पडद्यावर जे उमटलं ते पाहून मी तो डोळ्यांजवळ धरला. ओसरत्या पाण्याने गाळावर कोरलेल्या वाटा, फांदीला फांदी फुटावी तशा, कोवळ्या उन्हात तांब्यासारख्या झळाळत होत्या. होडी जराही हलू नये असं वाटलं.

"काका, वल्ही थांबवा ना," मी नावाड्याला म्हटलं.

"थांबवली की," म्हणत ते तंबाखू मळू लागले.

बॅटरी उतरल्याचा इशारा वाजला. अशा वेळी ड्रोन आपणहून माघारी येतो, जिथून उडाला नेमक्या त्या जागी. तो आलाही, पण आमच्यापासून दूर, उघड्या पाण्यावर थबकून हळूहळू खाली उतरू लागला. वल्ही थांबली होती, वारा थांबला नव्हता. त्याने आम्हांला केव्हाच बाजूला नेलं होतं.

"पोहता येतं ना?" आदित्यदादा म्हणाला. "नाहीतर बक्षीस मरणोत्तर घ्यावं लागेल." स्वतः मात्र त्याने होडीची कड गच्च धरली होती.

"काका, चला!"

"धरून बसा. हाय अजून वर त्ये."

वल्ह्यांचे गार तुषार, कानात घुमणारी ती उतरती घरघर, आणि त्या चिमुकल्या यंत्राच्या पोटात बंद असलेली माझी अख्खी सकाळ. मी उभी राहिले, होडी कलली, दादाने मागून माझा स्वेटर घट्ट धरला. ड्रोनचे पाय माझ्या बोटांत आले तेव्हा बोटं पाण्याला टेकली होती.

त्या छायाचित्राला पुरस्कार मिळाला. प्रदर्शनात लोक त्यातल्या शांततेचं कौतुक करतात. मला दिसते ती कोपऱ्यातली होडी. स्थिर वाटणारी, आणि तेव्हाही वाहत असलेली.

वाशीमकडच्या आमच्या गावी आईने तो फोटो मोबाइलवर पाहिला. "एवढा मोठा फोटो, अन् त्यात तू मोहरीएवढी!" ती फोनवर हसली. मग म्हणाली, "तुह्या अभ्यासाच्या कोपऱ्यात शिलाई मशीन टाकली मी. उजेड चांगला हाय तिथं."

"बरं केलंस," मी म्हणाले.

फोन खांद्याशी दाबून तिने मशीन सुरू केली असावी, तिची खडखड येत राहिली. मी डोळे मिटून तो कोपरा आठवू लागले, तर तिथे अजून माझंच दप्तर होतं.