अण्णा हसले

पेठेतील समस्त नागरिकांस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, आज सकाळी साडेनऊ वाजता गिरणीवाले अण्णा हसले. मी साक्षीदार आहे. माझा गव्हाचा डबा तिथेच रांगेत होता.

वीस वर्षांत अण्णांनी गिऱ्हाइकाला दोनच वाक्यं ऐकवली होती, "खडे निवडून आणा" आणि "संध्याकाळी या". ज्वारीवर गहू दळायला ते साफ नकार देत, मग समोर कलेक्टर का असेना. पण महिन्यापूर्वी रस्त्यापलीकडे चकचकीत गिरणी आली. तिचा मालक दारात उभा राहून "या ताई, बसा, पाणी घ्या" म्हणतो, आणि अण्णांच्या फळीवरचे डबे रोज कमी होत गेले. आज तीनच होते.

म्हणून अण्णांनी पापण्यांवरचं पीठ पुसलं आणि दात दाखवले. आधी मला गंमत वाटली, मग काळजी. त्या तुसड्या माणसाच्या हातचं पीठ डोळे मिटून मळता येई. तो तुसडेपणाच पुसून टाकला, तर त्यांच्यापाशी वेगळं असं उरलं काय? आणि नाही पुसला, तर उद्या फळीवर डबे तरी किती उरणार?

तेवढ्यात सावंतकाकू आल्या.

"या ताई, बसा," अण्णा म्हणाले. बसायला तिथे काहीच नव्हतं.

काकूंनी डबा छातीशी धरला, अण्णांकडे निरखून पाहिलं आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं,

"अगं बाई! अण्णा, गिरणी बंद करताय की काय?"