शनिवारी भरायची टाकी

आमच्या घरात पेट्रोल भरणं हे नवऱ्याचं काम होतं. शनिवारी सकाळी भाजी आणायला गेला की येताना टाकी फुल्ल करायचा, टायरची हवा बघायचा आणि किल्ली माझ्या हातात देताना विचारायचा, "या आठवड्यात जरा जास्त फिरलीस का गं?" आवाजात राग नसायचा. ताप किती आहे विचारावं, तसं विचारायचा. ट्रिप मीटरवरचा किलोमीटरचा आकडा तो दर शनिवारी शून्यावर आणून ठेवायचा, त्यामुळे मी कुठवर जाऊन आले ते माझ्याआधी गाडीच सांगून मोकळी व्हायची. मैत्रिणी म्हणायच्या, नशीब काढलंस. ओरडत नाही, अडवत नाही, वर टाकी भरून देतो. अशा माणसाची तक्रार करायची तरी कुठल्या तोंडाने?

आम्ही तेव्हा परदेशात, नीउ-व्हेनेप नावाच्या गावात राहायचो. तो ट्रेनने ऑफिसला जायचा. गाडी माझ्यापाशी असायची, वाणसामानापुरती आणि जवळच्याच हार्लेममधल्या मैत्रिणीपुरती. पुण्यात असताना चाकणच्या एका कंपनीत कुठला ट्रक कधी सुटायचा, कुठून जायचा हे मी ठरवायचे. ड्रायव्हर लोक मला टरकून असायचे. इथे आल्यावर माझा व्हिसा त्याच्या व्हिसाला बांधलेला, बँकेचं खातं दोघांचं मिळून एक, पुण्याचं लायसन्ससुद्धा त्याच्या नोकरीच्या सवलतीत बदलून मिळालेलं. मी नोकरीचं काढलं की म्हणायचा, "जवळपास बघ ना काहीतरी. हायवेवर धुकं असतं. आणि तुला इथे कमी काय आहे?"

जवळपास काही नव्हतं. रॉटरडॅमच्याही पलीकडे, शंभरेक किलोमीटरवर ब्रेडाला होतं. तिथल्या एका मालवाहतूक कंपनीने मुलाखतीला बोलावलं आणि मी घरी अवाक्षर काढलं नाही. मिळाली तर सांगू, नाही मिळाली तर विषयच संपला. टाकीत पाव भागाच्या थोडं वर पेट्रोल होतं. जाऊन-येऊन पुरेल असं धरून, किलोमीटरचं काय ते शनिवारी बघू म्हणून मी निघाले.

मुलाखत झकास झाली. प्रश्न विचारणाऱ्या बाईला मी उलट दोन प्रश्न विचारले, तेव्हा ती खुर्चीत पुढे सरकून बसली. उद्या कळवते म्हणाली. त्या खुशीत मी मूर्डाइकचा पूल ओलांडला आणि रॉटरडॅमच्या अलीकडे सगळ्या गाड्या थांबल्या. पुढे कुठेतरी अपघात झाला होता. डावीकडे ट्रक, उजवीकडे ट्रक, वर पाऊस. गाडी हातभर पुढे जायची आणि परत उभी राहायची. थोड्या वेळाने काट्याशेजारचा पिवळा दिवा लागला.

मी हीटर बंद केला. मग रेडिओही बंद केला, जणू तोच पेट्रोल पीत होता. पुढच्या पंपाची पाटी दिसत होती, पण तिथे शिरायचं कसं? रोख पैसे जवळ नव्हते. कार्ड ओढलं की त्याच्या फोनवर त्याच क्षणी कळणार, नुसतं किती युरोचं तेच नव्हे, कुठल्या गावाचं पेट्रोल तेही. नाही भरलं तर गाडी भर हायवेवर बंद पडणार, आणि मदतीला येणाऱ्या माणसांची मेंबरशिपही त्याच्याच नावावर. इकडे आड, तिकडे विहीर. मला स्वतःचा भयंकर राग येत होता. चांगली शिकलेली बाई, आणि एका काट्याला घाबरून बसले होते.

तेवढ्यात फोन वाजला. गाडीच्या स्पीकरवर त्याचा आवाज भरून राहिला.

"कुठे आहेस?"

"हार्लेमला. निघतेच आहे."

"बाहेर जाम पाऊस आहे, सावकाश ये. पेट्रोल कमी झालं असेल ना? राहू दे, शनिवारी मी भरतो. तू नको त्रास घेऊस."

शेजारच्या ट्रकने तेव्हाच भोंगा वाजवला. चोराच्या मनात चांदणं, मला वाटलं, त्याला त्या भोंग्यातून रॉटरडॅम ऐकू गेलं असणार. पण त्याने फोन ठेवला होता. तू नको त्रास घेऊस. हे वाक्य मी वर्षानुवर्षं माया म्हणून ऐकलं होतं. त्या दिवशी दारं बंद, काचा बंद, चहूबाजूंनी गाड्या, आणि ते ऐकून मला गुदमरायला झालं. मी सिग्नल दिला आणि पंपाकडे वळले.

पंपाशी गाडी लावली, काच खाली केली आणि बसून राहिले. कुणीच येईना. मागच्या गाडीने हॉर्न दिला तेव्हा डोक्यात उजेड पडला. मी चक्क पुण्यासारखी वाट बघत होते, कोणीतरी येईल, "झिरो बघा मॅडम" म्हणेल. इतकी वर्षं या देशात राहून मी एकदाही नळी हातात धरली नव्हती. खाली उतरले तर झाकण पलीकडच्या बाजूला. गाडी वळवून घेतली. कुठली नळी घालायची ते झाकणाच्या आत लिहिलेलं वाचलं, दोनदा वाचलं, आणि टाकी काठोकाठ भरली. हाताला पेट्रोलचा वास लागला. मग कार्ड ओढलं.

घरी पोचले तर तो चहा करत होता. मी काही बोलायच्या आत म्हणाला, "ब्रेडाच्या रस्त्यावर पेट्रोल महाग असतं गं. सांगायचंस ना, मी आलो असतो." मी मुलाखतीचं सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, कप माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाला, "दमली असशील. आधी चहा घे." भांडला असता तर मी भांडले असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो गेल्यावर ब्रेडाच्या बाईंचा फोन आला. नोकरी माझी होती. "फक्त एक विचारते," त्या म्हणाल्या, "तुम्ही बऱ्याच लांब राहता. रोजचं येणं-जाणं जमेल ना?"

मी खिडकीशी उभी होते. त्या दिवशी तो ट्रेनने गेला नव्हता. खाली गाडीची जागा रिकामी होती.

"जमेल," मी म्हटलं.