कार्बुरेटरचा वाद आणि पेट्रोलचा वास

मी शाळेत विज्ञान शिकवतो. पेट्रोलची वाफ किती लवकर पेट घेते, हे दरवर्षी वर्गात सांगतो. तरीही त्या दिवशी गाडीत पेट्रोलचा वास आला तेव्हा मी गप्प बसलो.

गाडी जपानी, दोन दारांची, वयाने माझ्याएवढी. आफ्रिकेहून परतलेल्या एका कुटुंबाकडून ती कुण्या राइस मिलवाल्याने घेतली होती आणि मुर्री गावातल्या गोदामात पोत्यांमागे टाकून दिली होती. तिथून ती मी विकत घेतली. तिला पुन्हा चालती केली तिरोड्याच्या मिस्त्रींनी. वय सत्तरीच्या जवळ, एक गुडघा वाकत नाही, पण इंजिनाला कान लावला की दुखणं ओळखणारा माणूस.

आमचा वाद एकच होता. इंजिनावर पेट्रोल आणि हवा मिसळून देणारे मूळचे दोन कार्बुरेटर होते. मिस्त्रींना ते नको होते.

"काढून टाका, मास्तर. जीपचा एक बसवून देतो. त्रासच नाही."

"मूळचे काढले तर या गाडीत उरलं काय?"

"तुमाले गाडी चालवाची हाय का पूजेत ठेवाची हाय?" मग ते बोट दाखवत. "हे दोनी बसले कुठं, पाहा. बरोबर सायलेन्सरच्या तापल्या पाइपावर. आताच्या पेट्रोलात इथेनॉल राह्यते, ते जुनं रबर खाऊन टाकते. थेंब खाली पडला का कारभार संपला."

मी मोबाइलवर परदेशातल्या गाड्यांचे फोटो दाखवायचो. ते बघायचे आणि म्हणायचे, "त्या लोकाइचं पेट्रोल येगळं असन." हे जवळपास आठ महिने चाललं. त्यांच्या दुकानात आलेली गिऱ्हाइकंही मध्ये पडायची, "मास्टरजी, मिस्त्री की मान लो." मी मानलं नाही. शेवटी त्यांनी दोन्ही कार्बुरेटर उघडले, साफ केले आणि परत बसवले. "तुमची गाडी, तुमचा जीव," एवढंच म्हणाले.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी आम्ही दोघं आमच्या जिल्ह्यातल्या प्रतापगडाकडे निघालो. इंजिन छान गात होतं. मी मनातून फुशारलो होतो. नवेगाव मागे पडलं, सागाचं जंगल सुरू झालं आणि तेव्हाच मला वास आला. आधी हलका, मग घशात बसेल असा.

डोळे रस्त्यावर, पण कान आणि नाक बॉनेटकडे. थांबलो तर मिस्त्री म्हणणार, मी काय सांगत होतो? या एका वाक्याच्या धाकाने मी अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय तसाच ठेवला. थोडं पुढे बघू, कमी होईल, असं स्वतःला सांगत राहिलो. मिस्त्रीही बोलत नव्हते. खिडकीची काच मात्र त्यांनी पूर्ण खाली केली. मीही माझ्या बाजूची उतरवली.

मग फट्कन आवाज झाला आणि बॉनेटच्या फटीतून काळा धूर आला.

"चावी बंद करा," मिस्त्री म्हणाले. अगदी हळू म्हणाले, म्हणून मी जास्तच घाबरलो.

गाडी कडेला लागली. मी उडी मारून बाहेर पडलो आणि पंधरा-वीस पावलं धावलोसुद्धा. मागे वळून पाहिलं तर मिस्त्री आतच. त्यांच्या बाजूचं दार अडकलं होतं आणि त्या गुडघ्याने त्यांना माझ्या सीटवर सरकता येत नव्हतं. मी परत धावलो. डॅशबोर्डखालून ज्योत दिसत होती. मी त्यांच्या काखेत हात घालून ओढलं. ते एकदाच कण्हले. ओढता ओढता त्यांचा हात तापलेल्या पत्र्याला लागला होता.

रस्त्यालगतच्या पाणी भरलेल्या बांधीत बाया उन्हाळी धानाची रोवणी करत होत्या. दोघी-तिघी धावत आल्या. एकीने पाण्याचा डबा उचलला.

"पाणी नको टाकू, बाई," मिस्त्री जमिनीवरूनच ओरडले. "पेट्रोल पसरन. चिखल टाका. बॉनेट उघडू नका."

बायांनी बांधीतला चिखल घमेल्याने आणला आणि समोरच्या जाळीतून, चाकावरून, फटीतून कोंबला. मीही ओंजळीने टाकत होतो. निम्मा चिखल माझ्याच अंगावर पडला. टाकी मागे आहे, ती पेटली तर या बायांचं काय, हा विचार डोक्यातून हटत नव्हता. पण त्यांना थांबा म्हणण्याची हिंमतही झाली नाही. हळूहळू धूर पांढरा झाला, मग विरला.

एक म्हातारी बाई माझ्याकडे बघून म्हणाली, "अशी गाडी कायले आणली, बावा?"

मिस्त्रींच्या हातावर पट्टी बांधून आम्ही टेम्पोतून परतलो. चार दिवसांनी गाडी त्यांच्या दुकानात ओढून आणली. त्यांनी एका हाताने चिखल खरवडला आणि पेट्रोलचा रबरी पाइप माझ्या हातात दिला. तो च्युइंगमसारखा मऊ झाला होता, क्लिपपाशी फाटला होता.

"कार्बुरेटर बरोबर हाय," ते म्हणाले. "पाइप म्या जुनाच लावला होता. त्याचा दोष माझा."

मला राहवलं नाही. "मिस्त्री, मला वास आधीच आला होता. तुम्ही बोलाल म्हणून मी थांबलो नाही."

त्यांनी पाइप माझ्या हातातून परत घेतला आणि बोटांत फिरवला. "मलेही आला होता, मास्तर. बोललो असतो तं तुमी म्हटलं असतं, बुढ्याचं पुन्हा सुरू झालं. म्हून चूप बसलो."

तेव्हा मला जी भीती वाटली, ती आग दिसली त्या क्षणाहून मोठी होती. आठ महिने इतकं बोललो होतो आणि जीव जायची वेळ आली तेव्हा दोघंही काच खाली करून बसलो होतो.

त्यांनी विचारलं, "आता कोणता कार्बुरेटर बसवू? तुमी म्हणान तो."

"तुम्हीच ठरवा," मी म्हणालो.

त्यांनी मूळचेच बसवले, नव्या पाइपासह. गाडी चालते म्हणतात. मी अजून तिच्यात बसलेलो नाही.